घरचे विवर

पाहुण्यांना फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचे दर्शन घडविले, की आमचे ग्वाल्हेर संपते. उल्काविवर पाहावयास मात्र मुलांना आम्ही थेट लोणारला धाडतो! शेजारच्याच शिवपुरी जिल्ह्यातील ढाला येथील विवर लोणारच्या सहापट, सुमारे ११ किलोमीटर रुंद. दीड अब्ज वर्षांहूनही जुने. शास्त्रज्ञांनी ते ओळखले २००५ साली. कडा केव्हाच झिजल्या; मधोमध उरली सपाट माथ्याची टेकडी. आघाताची साक्ष खडकातील स्फटिकांत, तीही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी. म्हणूनच त्या खडबडीत वाटेवर जाणता वाटाड्या सोबत हवा. पिढ्यान्पिढ्या येथे नांदूनही आम्हांस ही भूमी अनोळखीच असेल, तर आम्ही येथले घरचे, की अजूनही पाहुणेच?