झारा कोणाचा?

आमच्याकडे एक मत फार दिवस मानाने वावरत आहे. चूल, सूप आणि विळी ही स्त्रीची. नांगर, थापी आणि तराजू ही पुरुषाची. आणि ही वाटणी निसर्गानेच करून दिलेली असल्यामुळे तिच्याविषयी वाद घालणे व्यर्थ होय, असे ते मत. देवळाच्या सभामंडपात, लग्नाच्या याद्या करताना, इतकेच काय, न्यायालयाच्या आवारातही मी ते ऐकतो. या मताची उलटतपासणी माणसांना साक्षीला बोलावून पुष्कळ झाली. तीत निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. म्हणून माझी सूचना अशी की, या खटल्यात आता मुके साक्षीदार बोलवावेत. माणूस वगळून केवळ वस्तूच मांडून घेतलेली छायाचित्रे, म्हणजे ज्यांना निश्चल-वस्तुचित्रे म्हणतात ती, पुढे ठेवावीत आणि वाचकाने त्यांत कोण दिसते ते सांगावे.

छायाचित्राला साक्षीदार मानण्याची कल्पना माझी नव्हे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ पासून 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा छायाचित्रांचा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात फळ्यांवर मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत. ही भांडी उद्या चोरीस गेली तर हे चित्र न्यायालयात एक नव्याच प्रकारचा पुरावा ठरेल, असा विचार त्याने तेथे मांडला आहे. वकिलाला हे वाचून आनंद व्हावा यात नवल नाही. परंतु मला त्याच ग्रंथातील दुसरे चित्र अधिक मोलाचे वाटते. दगडी भिंतीत एक दार उघडे आहे, आत अंधार आहे, उंबऱ्याशी एक खराटा तिरका टेकलेला आहे. माणूस कोणी नाही. हे चित्र आपल्यांपैकी कोणालाही दाखवा. तो बिनदिक्कत सांगेल की घरची बाई झाडता झाडता आत गेली असावी. पण दाराशेजारी भिंतीवर घोड्याचा लगाम आणि कंदील टांगलेला आहे, तिकडे त्याचे लक्ष जात नाही. खराटा मोतद्दाराचाही असू शकेल. चित्रात स्त्री नव्हती. पाहणाऱ्याने ती आपल्या घरून आणली. चित्राने साक्ष दिली ती खराट्याविषयी नव्हे, पाहणाऱ्याविषयी.

आपली भाषाही या कामी पाहणाऱ्याला मदत करते. शेतात चालतो तो विळा, स्वयंपाकघरात बसते ती विळी. मोठा तो हातोडा, लहान ती हातोडी. सुरा आणि सुरी, डबा आणि डबी. आकार वाढला की वस्तू पुल्लिंगी झाली! व्याकरणाला मी दोष देत नाही. परंतु विळ्याचे चित्र पाहून ज्याच्या मनात पुरुष शेतकरी उभा राहतो, त्याने कोकणातील वा गोव्यातील भाताच्या कापणीच्या दिवसांत एकदा शेताच्या बांधावर जावे आणि वाकलेल्या पाठींत बायका किती आहेत ते मोजावे.

मग एखादे काम स्त्रीचे वा पुरुषाचे ठरते ते कशावरून? वॉकर इव्हान्स या नामांकित अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ च्या जुलैत 'फॉर्च्यून' मासिकात पाच साध्या हत्यारांची चित्रे छापली. पत्रा कापण्याची कात्री, गवंड्याची थापी, पक्कड अशी ती हत्यारे. मागे कोरी पार्श्वभूमी, आणि खाली हत्याराचे नाव व किंमत. चित्रे देखणी आहेत, हे मी नाकारीत नाही. पण पाचांत लाटणे नाही, सुई नाही. व्यापारउद्योगाच्या मासिकाला हत्यार म्हणून जे दिसले ते मजुरी मिळवून देणारे हत्यार. तेथेच मला या वाटणीचे सूत्र सापडते: वस्तूपाठोपाठ पैसा आणि मान आला की ती पुरुषाच्या हाती जाते, ती दोन्ही नसतील तेथे ती स्त्रीच्या हाती राहते. घरी सुई धरणारी ती गृहिणी, पेठेत सुई धरणारा तो शिंपी.

हे सूत्र कोणाला ओढूनताणून आणलेले वाटेल, म्हणून निकालपत्रातील उदाहरण देतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कारागिरांच्या एका संघटनेचा नियम होता की रंगभूषाकार पुरुषच असावा. स्त्रीला केशरचनेपुरतेच सभासदत्व. कंगवा स्त्रीचा, रंगाची पेटी पुरुषाची! वास्तविक काजळ आणि कुंकू लावण्याची कला स्त्रीची, असे हाच समाज एरवी सांगतो. मग येथे निसर्ग कोठे गेला? स्त्रियांना रंगभूषा करू दिली तर पुरुष कारागिरांची रोजी बुडेल, ही खरी अडचण होती. चारु खुराना यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो नियम घटनाविरोधी ठरविला.

आता आपल्या देवळांकडे वळतो. कारण दुसऱ्यांच्या घरातील केर दाखविणे सोपे असते. समाराधनेच्या दिवशी रांधपाच्या जागेचे एक छायाचित्र घ्यावे. मोठी कढई, तपेली, लांब दांड्याचा झारा. दुसरे चित्र आपल्या घरचे: तीच कढई लहान, तोच झारा आखूड. पहिल्या चित्रात सर्वांना आचारी दिसतो, दुसऱ्यात आई. बहुतेक देवळांत खरोखरच तसे असते. कारण विचारले तर पहिले उत्तर सोवळ्याचे येते. चतुर्थीला गणपतीचा नैवेद्य घरोघरी कोण रांधते? कुलदेवतेचे ताट सोवळ्याने कोण वाढते? ज्या हातचे घरातील देवाला चालते ते देवळातील देवाला बाटविते, असे कोणते शास्त्र सांगते ते मला कोणी दाखवावे. अडचणीचे चार दिवस पुढे केले, तर उरलेल्या सव्वीस दिवसांचे काय? दुसरे उत्तर बळाचे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बायांच्या प्रदेशात हे उत्तर देताना तरी जरा संकोच वाटावा. खरे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. तेथे आचाऱ्याची दक्षिणा लिहिलेली असते.

घरच्या झाऱ्याचा हिशेब कोठेच नसतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर-पाहणीप्रमाणे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, करणारे पुरुष ८८. तरीही २००१ च्या जनगणनेत गृहिणी अ-श्रमिकांत, भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसली होती, आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये खेद व्यक्त करावा लागला. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टाने न कमावणाऱ्या पत्नीचे मोल कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरले. म्हणजे तीच भाकरी कारकुनाच्या घरी स्वस्त आणि कारखानदाराच्या घरी महाग! आम्ही गोवेकर येथे आपल्या नागरी संहितेचा अभिमान सांगतो. तो अगदीच अस्थानी नव्हे. विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर दंपतीची मालमत्ता सामाईक मानून पत्नीला अर्धा वाटा ती देते. परंतु सामाईक मालमत्तेचा कारभार तिने पतीकडेच सोपविला. अर्धी मालकी तिची, किल्ल्यांचा जुडगा त्याचा.

छायाचित्र कायदा बदलीत नाही, हे मी जाणतो. ते एवढेच करते की माणूस बाजूला काढून वस्तू पुढे ठेवते, आणि मग 'हे तिचेच काम' असे म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. आमच्या देवस्थानांपैकी ज्यांच्या नियमावलीत रांधपाला पुरुषच हवा असे लिहिलेले असेल, त्यांच्या समितीने तो नियम कारणासह महाजनांपुढे मांडावा. लिहिलेले नसेल, तर पुढील समाराधनेचा आचारी ठरविताना एकाही स्त्रीला का विचारले नाही, याचे उत्तर वार्षिक सभेत द्यावे आणि ते इतिवृत्तात नोंदवावे.