उंदरांचे स्कॅन, माणसांची हाडे

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या चाचणीविषयीचे नियम बदलले. औषध माणसाला देण्यापूर्वीच्या तपासणीसाठी प्राण्यांऐवजी चिपवरचे अवयव, मानवी पेशींपासून वाढवलेले ऊतीगोळे आणि संगणकीय प्रारूपेही आता ग्राह्य आहेत. अमेरिकेने असाच बदल डिसेंबर २०२२ मध्ये केला. मग प्रयोगशाळेतल्या उंदरांची गरज संपली का? हाडांत पसरणाऱ्या कर्करोगापुरते उत्तर ‘अजून नाही’ असेच आहे.

स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत शिरला की कर्कपेशी हाड झिजवणाऱ्या ‘ऑस्टिओक्लास्ट’ पेशींना चिथावतात. हाड विरघळते आणि त्यातून सुटणारे वाढीचे घटक पुन्हा कर्कपेशींनाच पोसतात. रक्त, मज्जा, हाड आणि प्रतिकारशक्ती यांचे हे दुष्टचक्र चिपवर पुरते उतरत नाही.

बदलली आहे ती उंदीर तपासण्याची पद्धत. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारून हाडे पाहावी लागत. आता भूल देऊन त्याच उंदराचे ठरावीक अंतराने मायक्रो-सीटी स्कॅन करता येते. त्याच्या हाडातली जाळी साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते. रुग्णालयातल्या सीटीला ती दिसत नाही, मायक्रो-सीटीला दिसते. कर्कपेशींत काजव्याचे प्रकाश देणारे जनुक घातले, तर गाठ कुठे वाढते हेही कॅमेरा टिपतो. त्यामुळे कमी प्राणी लागतात. मात्र क्ष-किरणांचा हाडांवर आणि गाठीवर परिणाम होतो, म्हणून स्कॅन हवे तितके करता येत नाहीत.

पुण्यात गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्यूकिन-३ हा रेणू ऑस्टिओक्लास्ट तयार होण्यास अटकाव करतो, हे २००३ मध्ये उंदरांच्या पेशींत दाखवले. असा शोध औषधापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ‘रँकल’ प्रथिनाविना जन्मलेल्या उंदरांत ऑस्टिओक्लास्टच नसतात, हे १९९९ मध्ये दिसले. त्याच प्रथिनाला रोखणाऱ्या डेनोसुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१० मध्ये.

म्हणून ‘उंदरांतला कर्करोग बरा झाला’ ही बातमी वाचून चालू उपचार सोडू नयेत. रजोनिवृत्तीनंतर स्तनाच्या कर्करोगासाठी अ‍ॅरोमाटेज रोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची हाडे वेगाने झिजतात. त्यांनी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.