तटाच्या आतले गाव

वेल्सला जाणारे मराठी पर्यटक कॅर्नार्व्हनला थांबतात ते किल्ल्यासाठी. गाडी लावायची, तिकीट काढायचे, ईगल टॉवरवर चढून मेनाई सामुद्रधुनीचे फोटो घ्यायचे आणि तासा-दीड तासात स्नोडन पर्वताचा रस्ता धरायचा. किल्ला देखणा आहे, यात वाद नाही. बहुकोनी बुरूज, दगडांचे रंगीत पट्टे, पाण्याच्या काठावरची ती जरब. सातशे वर्षांनंतरही माणूस दबून जातो. दबून जावे म्हणूनच तो बांधला होता. त्या तासाभरात आपल्याला दिसतो तो वेल्स जिंकणाऱ्याचा वेल्स.

गडाच्या पायरीला हात लावून तो कपाळी नेणारी आपली माणसे. गड म्हणजे आपल्या राज्याचा आधार, हे आपल्या मनात इतके मुरले आहे की परक्या देशातला किल्लाही आपण त्याच डोळ्यांनी पाहतो. इथे ते डोळे फसवतात. डिसेंबर 1282 मध्ये वायव्य वेल्समधल्या ग्विनेदचा शासक लिवेलिन मारला गेला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने इथे काम सुरू केले. आधीची वेल्श वस्ती पाडली. किल्ल्याला लागून तटबंदीचे गाव वसवले आणि त्यात इंग्रज आणून बसवले. नागरिकत्वाचे हक्क त्यांना. वेल्श माणसाने तिथल्या बाजारात माल आणायचा, पण त्या गावचा नागरिक व्हायचे नाही. 1294 मध्ये मॅडोग या वेल्श सरदाराच्या बंडात वेल्श लोकांनी तट फोडून गाव जाळले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी एडवर्डने आधी तट दुरुस्त करून घेतला. पुढे 1330 पर्यंत काम रेंगाळत चालले, 20 हजार पौंडांहून अधिक खर्च झाला आणि तरीही किल्ला अपुराच राहिला. 1911 आणि 1969 मध्ये ब्रिटनच्या युवराजांना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून मुकुट चढवला गेला, तोही याच आवारात. 1969 च्या सोहळ्याला अनेक वेल्श तरुणांनी उघड विरोध का केला, हे समजायला एवढी पार्श्वभूमी पुरे.

म्हणून किल्ल्याच्या दारातून बाहेर आल्यावर गाडीकडे वळू नये. तटाच्या आतल्या गल्ल्यांतून चालावे, चौकात बसावे, बेकरीत रांगेत उभे राहावे आणि नुसते ऐकावे. ज्या गावात वेल्श माणसाला नागरिक होता येत नव्हते, तिथे आज पोरे वेल्शमध्ये भांडतात, दुकानदार वेल्शमध्ये सुट्टे पैसे मागतात. साऱ्या वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेनुसार वेल्श येणारे 17.8 टक्के, कॅर्नार्व्हनमध्ये ते प्रमाण 80 टक्क्यांच्या वर आहे. हे आपोआप घडलेले नाही. 1962 मध्ये वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरच्या व्याख्यानात भाषा मरणार असल्याचा इशारा दिला, त्यातून तरुणांची संघटना उभी राहिली. त्यांनी फक्त इंग्रजीत लिहिलेल्या रस्त्यावरच्या पाट्या रंगाने पुसल्या, तुरुंग भोगला. ग्विनेदच्या प्राथमिक शाळा मुख्यतः वेल्श माध्यमाच्या आहेत आणि ग्विनेद कौन्सिलचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चालतो. फाईल, बैठक, टिपण, सगळे. भाषा टिकते ती अशी, कचेरीच्या टेबलावर आणि शाळेच्या बाकावर. मुंबईत, पुण्यात मराठी शाळा एकेक करून बंद पडताना पाहणाऱ्या माणसाला या गावात तासभर जास्त बसावेसे वाटले, तर तो वेळ वाया जाणार नाही.

आणि किल्लाच पाहायचा असेल, तर वेल्श राजांचाही पाहावा. कॅर्नार्व्हनपासून दहा-बारा किलोमीटरवर, लानबेरिसच्या तळ्याकाठी डोलबादर्नचा गोल बुरूज उभा आहे. तेराव्या शतकात थोरल्या लिवेलिनने, म्हणजे 1282 मध्ये मारल्या गेलेल्या लिवेलिनच्या आजोबाने, तो बांधला. डोंगरातली वाट रोखून धरणारा, स्थानिक दगडाचा, आटोपशीर. आपल्याकडच्या डोंगरी गडांवर हिंडलेल्या माणसाला तिथली जागेची निवड लगेच कळते. एडवर्डने वेल्स जिंकल्यावर त्याच्या माणसांनी डोलबादर्नचे लाकूड उपसून कॅर्नार्व्हनच्या बांधकामाला नेले. एकाच्या घरच्या तुळया काढून त्याच्याच उरावर दुसऱ्याचा वाडा चढवला, आणि आपण तिकीट काढून पाहतो तो दुसराच.

ग्विनेदमधले एडवर्डचे चार किल्ले 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. डोलबादर्न त्या यादीत नाही. 2025 मध्ये आपले बारा किल्ले त्याच युनेस्कोच्या यादीत गेले, ते स्वराज्याचे किल्ले म्हणून. हा फरक सहली आखणाऱ्या मराठी कंपन्यांनी तरी लक्षात घ्यावा. कॅर्नार्व्हनमध्ये एक मुक्काम ठेवावा, वाटाड्या गावातला वेल्श बोलणारा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोलबादर्नला जावे. लानबेरिसला बस जाते, आणि डोलबादर्नच्या बुरुजाला तिकीट नाही.