टेबल कोणाच्या मापाचे?

विहिरीवरची भरलेली घागर आपली गृहिणी हात लांब करून उचलीत नाही. आधी ती कमरेशी ओढून घेते आणि मगच पाऊल टाकते. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ साली याच शहाणपणाचे गणित मांडिले. ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटर पुढे, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच आणि बाकी सर्व अनुकूल असता, निरोगी कामगारांपैकी बहुतेकांना दोन्ही हातांनी २३ किलोपर्यंत झेपते. तेच ५० सेंटिमीटर दूर ठेवले की ही मर्यादा साडेअकरा किलोवर येते. कंबर तीच, अंतर तेवढे वाढले!

कारखान्यात सुटे भाग जोडणारा कामगार एकच हालचाल दिवसातून शेकडो वेळा करितो. टेबल चार बोटे चुकले तर त्याची किंमत त्याची पाठ देते. पूर्वी ही चूक यंत्रे बसविल्यावर कळे. आणि एकदा रोवलेले लोखंड उपटण्यास कोणता मालक सहजासहजी राजी होणार?

आता ही परीक्षा आधीच घेता येते. अमेरिकेची फोर्ड कंपनी नवी मोटार निघण्यापूर्वीच तिच्या जोडणीचे काम संगणकात रचून पाहते. माणसाच्या अंगावर ५२ खुणा लावून त्याचे वाकणे, वळणे, हात पोचविणे टिपतात. प्रत्येक नव्या गाडीमागे सरासरी ९०० हून अधिक कामे अशी तपासली जातात आणि २००३ पासून अमेरिकेतील कामगारांच्या इजांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने २०१५ साली सांगितले. आकडे कंपनीचेच आहेत, हेही ध्यानात असावे.

परंतु पडद्यावरचा तो माणूस कोणाच्या अंगलटीचा? परदेशी पुरुषाच्या मापाच्या टेबलाशी आपल्याकडची पाच फुटांची मुलगी उभी राहिली, तर दिवसभर तिला खांदे उचलूनच काम करावे लागेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीयांच्या शरीरमापांचा स्वतंत्र ग्रंथ काढला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. उंची बदलता न येणारे टेबल उंच माणसाच्या मापाने बांधावे आणि ठेंगण्याच्या पायाखाली रुंद, न डुगडुगणारा पाट द्यावा, अशी या शास्त्राची रीत आहे. कारण ठेंगण्याला वर उचलता येते, उंचाला आखूड करता येत नाही. सामानाची फळी मात्र ठेंगण्याच्याच हाताला पोचेल अशी लावावी लागते.