शिबिराचा कागद जपा

थोड्याच दिवसांत तुमच्या गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात आरोग्य शिबिर लागेल. मेडिकल कॉलेजची बस येईल. पांढरे कोट घातलेली विशीतली पोरं-पोरी उतरतील, टेबलं मांडतील, दंडाला पट्टा बांधून बीपी बघतील. त्या दिवशी नक्की जा. पण जाण्याआधी काय करायचं, आणि परत आल्यावर काय करायचं, ते सांगते. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी मनातली शंका बोलू या. "ही तर शिकाऊ पोरं, आपल्यावर हात बसवायला आलीत," असं गावात बोललं जातं. पोरं शिकाऊ आहेत हे खरं. पण त्यांच्यासोबत त्यांचे शिक्षक डॉक्टर असतात आणि औषध तेच ठरवतात. तुम्हाला त्यांच्याकडून तपासून घेणं पटत नसेल तर "मोठ्या डॉक्टरांना दाखवा" म्हणा. कोणी रागावणार नाही. आणि शिकाऊ पोरांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांना ऐकून घ्यायला वेळ असतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला 1969 साली महात्मा गांधींच्या नावानं मेडिकल कॉलेज निघालं. डॉ. सुशीला नायर यांनी ते उभं केलं. तिथली प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. पोरं सुरुवातीला पंधरा दिवस त्या गावातच राहतात, घरं वाटून घेतात आणि पुढंही त्याच घरांत येत राहतात. आता हे सेवाग्रामपुरतं राहिलेलं नाही. 2022 पासून डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या अभ्यासातच काही कुटुंबं दत्तक घेणं आलं आहे. म्हणजे उद्या तुमच्या दारातही अशी एखादी पोरगी वही घेऊन उभी राहील.

आता तयारी.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि सोबत न्या. बहुतेक घरांत बिस्किटाचा जुना डबा असतो. त्यात कात्रीनं कापलेल्या पट्ट्या असतात. नाव गेलेलं, तारीख गेलेली, दोन गोळ्या उरलेल्या. आजीला विचारलं तर सांगते, "पांढरी सकाळची, गुलाबी रातची." डॉक्टरला यावरून काही कळत नाही. म्हणून पट्टी कापताना नावाकडची बाजू शेवटपर्यंत राहू द्या. जुने कागद, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्ड, सगळं एकाच पिशवीत ठेवा.

बीपी बघायच्या आधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको, बिडी नको. पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीला टेकवा, हात टेबलावर ठेवा, पट्टा फुगत असताना बोलू नका. रांगेत भांडून घाईनं बसलात तर आकडा उगाच वाढलेला दिसतो.

आणि आकडा विचारून घ्या. "थोडं वाढलंय" एवढ्यावर उठू नका. आकडा कागदावर लिहून मागा.

हे मी जीव तोडून सांगते, त्याला कारण आहे. आमच्या मोठेबाबांचं बीपी अशाच एका शिबिरात 170 वर 100 निघालं होतं. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, आठवड्यानं बोलावलं. कापसाचा वेचा चालू होता. कागद सदऱ्याच्या खिशात राहिला आणि सदऱ्यासोबत धुऊन निघाला. "मला काही त्रास नाही," एवढंच ते म्हणायचे. होळीच्या आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला. मोठ्या आईनं पुढची नऊ वर्षं त्यांना घास भरवला. बीपी दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड आहे.

तेव्हा 140 वर 90 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घाबरू नका, पण विसरूही नका. गावच्या उपकेंद्रात दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. शिबिरात मिळालेल्या गोळ्या पंधरा दिवसांत संपतात. बीपी आणि साखर संपत नाही. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच सरकारी दवाखान्यातून पुढच्या आणा. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात पडला, तर तेल चोळत बसू नका. लगेच 108 लावा.

बायांनो, तुम्ही सगळ्यांचा नंबर लावून स्वतः शेवटी उभ्या राहता, आणि तोवर बस निघते. आधी स्वतःचा नंबर लावा. रक्त 12 च्या खाली असेल, गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल, तर ते कमी आहे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका, लिंबू चालेल. शौचाला काळं झालं तर भिऊ नका, ते गोळीमुळंच. अंगावरून पांढरं जात असेल, छातीत गाठ लागत असेल, तर बाई डॉक्टर मागा. नसेल तर तपासताना जाऊ किंवा नणंद जवळ उभी ठेवा. पडदा नसेल तर तपासू देऊ नका.

दोन आठवड्यांच्या वरचा खोकला लपवू नका, थुंकीची तपासणी फुकट आहे. खर्रा खाणाऱ्यांनी तोंड उघडून दाखवा. तीन बोटं उभी आत जात नसतील किंवा चट्टा जात नसेल, तर लाजायची वेळ नाही. आणि लग्नाच्या पोरापोरींची सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात मुलाला आजार होण्याची भीती चारात एक असते.

मोतीबिंदू निघाला तर उठण्याआधी विचारा: ऑपरेशन कुठं, कोणत्या वारी, गाडी कोणाची, सोबत कोणी यायचं, खर्च काय. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

घरी आल्यावर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. आशाताईंना दाखवा.

आणि वही घेऊन पोरगी दारात आली, तर तिला घरात बसवा, पाणी द्या. घरात कोण कोण आहे, कोण काय खातं, कोणाची गोळी बंद पडली, सगळं खरं सांगा. दारूचंही सांगा. सोयाबीनच्या सवंगणीत दिवसा कोणी घरी नसतं, तर संध्याकाळी ये म्हणा. जाताना पुढच्या भेटीची तारीख तिच्याच हातानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या.