मुलाचा हात मोडला म्हणजे

पावसाळा सरून शाळांचीं मैदानें कोरडीं झालीं कीं मुलांच्या खेळांना भर येतो, आणि त्याबरोबरच हात-पाय दुखावल्याच्या तक्रारीही घरोघर ऐकूं येऊं लागतात. चिंचेच्या फांदीवरून, गच्चीच्या कठड्यावरून, सायकलवरून मुलें पडावयाचींच. त्यांनीं पडूंच नये असें म्हणणें म्हणजे त्यांनीं खेळूंच नये असें म्हणणें होय, व तसा उपदेश आम्ही करणार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें पडल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांविषयीं. मोडलेलें हाड बहुधा बरें होतें; परंतु त्या तासांत मायेपोटीं घडलेली चूक कधीं कधीं जन्मभर पुरते.

एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. मुलाचें हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान आवृत्ति नव्हे. वाळलेली काठी कडकन् मोडते; ओली काठी वांकते, एका अंगाला चिरते व दुसऱ्या अंगाला अखंड राहते. मुलांचें हाड पुष्कळदां या ओल्या काठीप्रमाणें मोडतें. तेव्हां 'हात हलवितां येतो, अर्थात् हाड शाबूत आहे' हा वडील मंडळींचा नेहमींचा दाखला मुलांच्या बाबतींत लागू पडत नाहीं. शिवाय लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेची एक चकती असते. हाडाची लांबी तिच्यामुळें वाढते, आणि वाढ पुरी होईपर्यंत तोच सांध्याजवळचा दुबळा भाग असतो. ज्या आघातानें मोठ्या माणसाचा सांधा नुसता मुरगळेल, त्याच आघातानें मुलाची ही चकती दुखावूं शकते. व तिची हेळसांड झाल्यास तो हात अथवा पाय पुढें आखूड किंवा वांकडा वाढण्याचें भय असतें. कूर्चा क्ष-किरणांच्या चित्रांत दिसत नाहीं. म्हणून पहिलें चित्र निर्दोष आलें तरी डॉक्टरांनीं आठ-दहा दिवसांनीं पुन्हां बोलाविल्यास जाण्याची टाळाटाळ करूं नये.

हाड मोडलें हें ओळखावें कसें? मूल तो अवयव वापरीतच नाहीं, किंवा दुसऱ्या हातानें तो उचलून धरितें, हाडावर एकाच ठिकाणीं दाबतांच कळवळतें, सूज चढते, आकार जोडीच्या अवयवाशीं जुळत नाहीं, पायाला लागलें असल्यास चार पावलेंही टाकवत नाहींत. यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर हाड मोडलें आहे असेंच धरून चालावें.

एकत्र कुटुंबांत येथें एक निराळीच अडचण येते. मुलाची काळजी करणारे पुष्कळ, त्याचप्रमाणें त्याच्यावर रागावणारेही पुष्कळ. आजोबांचा धाक, काकांचा दरारा, आणि 'झाडावर चढलासच कां?' हा पहिला प्रश्न! यामुळें मूल दुखणें लपवितें. तें घास नीट घेत नाहीं, दप्तर दुसऱ्या खांद्यावर टाकतें, रात्रीं कूस बदलतांना विव्हळतें; व हें बहुधा आईच्या किंवा आजीच्याच लक्षांत येतें. चौकशीचा क्रम बदलला पाहिजे. 'कोठें दुखतें?' आणि 'कसा पडलास?' हे प्रश्न आधीं विचारावे, कारण डॉक्टरांनाही तीच माहिती हवी असते. 'कां चढलास?' हा प्रश्न आठवडाभर थांबला तरी चालतो. इजा मारानें झाली असेल, मग तो मार घरचा असो वा शाळेंतील असो, ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हात टेकून पडलेल्या पांच ते सात वर्षांच्या मुलांत कोंपराच्या किंचित् वर दंडाचें हाड मोडणें ही नेहमीं आढळणारी इजा आहे. नेमक्या याच ठिकाणीं हाडाला लगटून हाताची मुख्य रक्तवाहिनी व नसा जातात. पहिल्या दिवशीं आंतील सूज वाढतच असते. अशा वेळीं कामट्या लावून हात करकचून बांधला तर सुजेला बाहेर जागा मिळत नाहीं. ती आंतल्या आंत रक्तवाहिन्या दाबते, आणि रक्तावांचून पुढील हाताचे स्नायू कांहीं तासांतच मरूं लागतात. मेलेला स्नायू आंखडतो, मनगट वांकतें, बोटें पंजासारखीं मिटून राहतात. जर्मन शस्त्रवैद्य रिचर्ड फोन फोल्कमान यांनीं १८८१ सालीं या विकृतीचें वर्णन करून घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखविलें, व ती आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. अशा मुलाचें हाड पडल्यामुळें मोडलेलें असतें, परंतु त्याचा हात जातो तो बांधण्यामुळें.

हें केवळ पाश्चात्त्य शास्त्राचें सांगणें नव्हे. सुश्रुतसंहितेंत हाड मोडण्याचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले असून आधारासाठीं वड, पिंपळ, उंबर, पळस, वेळू इत्यादींचा उपयोग सांगितला आहे. तेथेंच असा इशारा आहे कीं, बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाहीं, आणि फार आवळल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो. म्हणून जाणते लोक मध्यम बंधच पसंत करितात. ऋतुमानाप्रमाणें तीन, पांच किंवा सात दिवसांनीं तो बदलावा, असेंही त्यांत आहे. तेव्हां परंपरेचें नांव सांगून जे हाडवैद्य हात आवळून बांधतात आणि महिनाभर सोडून पाहत नाहींत, ते त्या परंपरेलाही सोडूनच वागतात.

घरीं करावयाचें तें थोडकें आहे. अवयव ओढून सरळ करूं नये. तो आहे तसा ठेवून खालीं उशी, जाड घडी केलेलें वर्तमानपत्र किंवा कापड गुंडाळलेली फळी द्यावी, आणि वरचा व खालचा सांधा हलणार नाहीं इतपतच बांधावें. बांगडी, कडें, आंगठी, मनगटाचा दोरा आधीं काढावा. सूज चढल्यावर हीं निघत नाहींत. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें ठेवावा. तेल, मालीश, शेक, लेप यांपैकीं कांहींही नको. जखम असेल तर ती स्वच्छ कापडानें झांकावी व बाहेर आलेलें हाड आंत ढकलूं नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर मुलाला उठवून बसवूं नये. भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून दूध, चहा, लाडू कांहींच देऊं नये. आजीला हें फार जड जातें, परंतु त्या दिवसापुरतें तिनें मन घट्ट केलें पाहिजे.

आणि सतत बोटांकडे पाहत राहावें. बोटें फिकीं किंवा निळसर व थंड पडणें, मुंग्या येणें, बधिरता येणें. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत न येणें. बोट हळूच सरळ करतांच मूल किंचाळणें. औषध देऊनही वेदना वाढतच जाणें—यांपैकीं कांहीं दिसतांच घरीं बांधलेलें सर्व सैल करून हॉस्पिटल गाठावें. तेथील प्लास्टरलाही हाच नियम लागू आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी 'सकाळीं पाहूं' म्हणूं नये.

वर्धा जिल्ह्यांतील कुटुंबांना या बाबतींत फारशी सबब उरलेली नाहीं. सेवाग्राम येथें १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) येथें आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि वर्ध्यास जिल्हा रुग्णालय आहे. आष्टी-कारंज्याकडील गांवांना अंतर पडतें खरें. परंतु महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. ती येईपर्यंत वर सांगितलेला आधार पुरेसा आहे.

पडण्याचें निमित्त झालें म्हणून प्रत्येक दुखणें इजेचेंच असतें असें मात्र नाहीं. तापाबरोबर हात किंवा पाय दुखूं लागून मूल तो हलवूं देत नसेल, तर हाडांत वा सांध्यांत पू होत असण्याचा संभव असतो. त्याला त्याच दिवशीं दाखवावें. विदर्भांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारांतही हाडें दुखतात. दहा-बारा वर्षांपुढील मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर पुष्कळदां खरा दोष खुब्यांत असतो. आणि दोन-तीन वर्षांच्या बाळाला एका हातानें ओढून उचलल्यावर त्यानें हात खालीं सोडून दिला, तर कोंपर निसटलें असें समजावें. डॉक्टर तें क्षणांत बसवितात.

ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंत हाताच्या उद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागीं स्थान देण्याचा विचार मांडला गेला. हाताची थोरवी ज्या भूमीनें ओळखली, तेथील शाळांनीं मुलांच्या हातांची एवढी तरी तरतूद ठेवावी: कापड गुंडाळलेल्या दोन फळ्या, गळ्यांत अडकविण्याची झोळी, रुंद पट्ट्या, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८ हा आंकडा व बोटांचीं वरील लक्षणें. घरांतही तीं लक्षणें दाराच्या आंतल्या बाजूला लिहून लावावीं. प्लास्टर निघाल्यावर आंखडलेलें कोंपर चोळून मोकळें करण्याचा मोह आवरावा. चोळण्यानें तेथें नवें हाड धरून सांधा कायमचा जखडण्याचा धोका असतो. मुलाला डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें खेळूं-लिहूं द्यावें. बहुतेक मुलांचा हात हळूहळू आपोआप मोकळा होतो.