फाटकाबाहेरचा कामगार कोणाचा?

श्रमाविषयीच्या दोन भारतीय विचारधारांचा वर्धा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी येथील सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्याआधी १० नोव्हेंबर १९२० रोजी याच जिल्ह्यातील आर्वी येथे दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म झाला होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९२० मध्ये अहमदाबादला मजूर महाजन उभे राहिले. दत्तोपंतांनी २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. दोघांचे मार्ग भिन्न होते. परंतु कामगार म्हणजे केवळ वेतन घेणारे दोन हात नव्हेत, तो कुटुंबाचा व समाजाचा घटक आहे, ही श्रद्धा दोघांचीही होती. म्हणूनच मजूर महाजनाने पगारवाढीबरोबर शाळा चालविल्या, दारूबंदीचा आग्रह धरला. आणि मजदूर संघाने वर्गसंघर्षाऐवजी 'औद्योगिक परिवारा'ची कल्पना मांडली.

प्रश्न असा आहे की, या परिवारात आज कोणाकोणाची गणना होते?

२० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ जिल्हा अद्याप विसरलेला नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराशी संबंधित, सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर कालबाह्य दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा बळी गेला. मृतांमध्ये बहुतांश आसपासच्या खेड्यांतील, कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत कमी संरक्षण असलेल्या माणसाच्या वाट्याला यावे, ही केवळ एका दुर्घटनेची कथा नाही. ती आपल्या श्रमव्यवस्थेची रीत होऊन बसली आहे.

येथे कामगार संघटनांनी, आपल्या विचारांच्या संघटनांनीही, आत्मपरीक्षण करावयास हवे. कायम कामगारांचा करार, बोनस, बढती यांसाठी आपण निष्ठेने झगडतो. बोनस म्हणजे मालकाची कृपा नसून ते विलंबित वेतन आहे, हे सूत्र मजदूर संघानेच ठामपणे मांडले. परंतु त्याच फाटकातून आत येणारा कंत्राटी मजूर आपल्या सभासदनोंदणीच्या वहीत नसतो. कधी कधी तर कायम कामगाराच्या सोयींचा भार त्याच्याच पाठीवर पडतो. परिवारात एकाच्या ताटात पंचपक्वान्ने आणि दुसऱ्यास शिळी भाकर असेल, तर त्यास परिवार म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न मातृशक्तीचा. हिंगणघाट परिसरातील जिनिंग कारखान्यांत कापसाच्या धुळीत राबणारी स्त्री, अंगणवाडी सेविका, 'आशा' कार्यकर्ती या सर्व श्रमिकच आहेत. २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी. लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्हास्तरावर स्थानिक समितीची तरतूद आहे. परंतु जिनिंगमधल्या भगिनीला तो दरवाजा दाखविणार कोण? अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला, तरी शासनाच्या लेखी त्यांना मिळते ते 'मानधन'च. मातेला देवीची उपमा देणाऱ्या समाजाने तिच्या श्रमाला वेतनाचा दर्जा देण्यास संकोच करू नये.

तिसरा प्रश्न दारूचा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीही अवैध दारू वस्त्यांमधून मिळते, हे उघड गुपित आहे. संघटनेने महिनोन्महिने लढून मिळविलेली वाढ जर पगाराच्या संध्याकाळीच गुत्त्यावर जात असेल, तर तो विजय कामगाराच्या घरात पोहोचला असे कसे म्हणावे?

यावर आक्षेप घेतला जातो : संघटनेने वेतनाचे पाहावे, समाजसुधारणेस इतर संस्था आहेत. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. परंतु व्यसनी, कर्जबाजारी, जातीपातींत विभागलेला कामगार मालकापुढे एकजुटीने उभा राहू शकत नाही. दत्तोपंतांनीच पुढे सामाजिक समरसता मंचाची पायाभरणी केली, हा योगायोग नव्हता. आणि सामाजिक कार्य म्हणजे सत्तेपुढे मवाळपणा, असेही नाही. २००१ मध्ये केंद्रात समविचारी सरकार असतानाही मजदूर संघाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्याच्या आर्थिक धोरणांविरुद्ध विराट मेळावा भरवला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र मिळावे, ही तरतूद त्यांत आहे. कायद्याचा कागद मात्र आपल्या पायांनी मजुराच्या झोपडीपर्यंत चालत जात नाही; तो कार्यकर्त्यालाच न्यावा लागतो. म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात : कंत्राटी मजुरांची सभासदनोंदणी, कार्यकारिणीत महिलांना निर्णयाचे स्थान, आणि कामगारवस्तीत व्यसनमुक्ती व अभ्यासिका.

१७ सप्टेंबरला, विश्वकर्मा जयंतीला, आपण राष्ट्रीय श्रमदिन साजरा करतो. त्या दिवशी अवजारांची पूजा होते. येत्या जयंतीस पूजेच्या पाटाजवळ फाटकाबाहेरच्या त्या मजुरालाही सन्मानाने बसवावे. अवजार पवित्र असेल, तर ते धरणारा हात अधिकच पवित्र आहे.